बरणीतलं फुलपाखरू

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे इंदू आणि कुमुद या दोघी बहिणी राहत. थोरली इंदू मोठ्या आजारातून वाचली, पण तिच्या पायांतलं बळ गेलं. ती दिवसभर दाराशी बसून असे.

तिचा वेळ जावा म्हणून धाकट्या कुमुदने एकदा रुईच्या पानावरचा सुरवंट आणून दिला. इंदूने त्याला जिवापाड जपलं. त्याने कोष केला तेव्हा तर ती जेवायलाही तिथून हलेना. शेवटी कोषातून केशरी पंखांचं फुलपाखरू बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या मुली डोंगर चढायला निघणार होत्या. अंगणात कोंबड्या होत्या, म्हणून इंदूने फुलपाखरू काचेच्या बरणीत ठेवून वर फडकं बांधलं आणि बरणी कुमुदच्या हाती दिली.

"पहिल्या चढाला फुलं लागतील, तिथेच सोड. वर नेऊ नकोस. उन्हात काच तापते."

पहिल्या चढाला पिवळी फुलं वाऱ्यावर डोलत होती. कुमुद थांबली. तिने फडक्याच्या गाठीला हात घातला, तेवढ्यात सगळ्या मुली भोवती जमल्या. आता नको, माथ्यावर सगळ्या मिळून सोडू, असं त्यांचं म्हणणं पडलं. एरवी कुमुदला कोणी फारसं विचारत नसे. आज प्रत्येकीला तिच्याच शेजारून चालायचं होतं. तिने गाठ सोडली नाही.

माथ्यावर पोचल्यावर भूक लागली होती. आधी शिदोऱ्या सुटल्या, मग गप्पा रंगल्या. बरणी उन्हातच राहिली. कुमुदने फडकं काढलं तेव्हा फुलपाखरू तळाशी पडलं होतं. काचेवर आपटून पंखांच्या कडा फाटल्या होत्या. तिने ते अलगद दगडावर ठेवलं. पंख हलले. एक मुलगी म्हणाली, जिवंत आहे. पण तो नुसता वारा होता.

उतरताना कोणी कुमुदच्या शेजारून चाललं नाही.

इंदू दारातच बसली होती. खोटं सांगावं असं कुमुदच्या मनात आलं, पण बहिणीचा चेहरा बघून तिला ते जमेना. तिने सगळं सांगितलं.

इंदूने हळूच विचारलं, "वाटेत फुलं लागली नव्हती का गं?"

"लागली होती."

इंदूने रिकामी बरणी जवळ घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तात्पर्य: दुसऱ्याने जीव लावून जपलेलं आपल्या हाती आलं, तर आधी त्याचं भलं पाहावं, आपली हौस नंतर.