रिकाम्या खोलीचे शुल्क

एका जिल्ह्याच्या गावी मोठ्या रुग्णालयासमोर त्रिंबकराव नावाच्या गृहस्थांचे लॉज होते. रुग्णांचे नातेवाईक तिथे उतरत, औषधविक्रेतेही येत. प्रत्येक खोलीत त्यांनी हौसेने टीव्ही बसवला होता.

पुढे टीव्हीवरच्या सरकारी शुल्काचा नियम बदलला. घरच्या टीव्हीला एक दर आणि लॉजच्या टीव्हीला त्याच्या कितीतरी पट. शिवाय शुल्क खोलीमागे. खोलीत कुणी असो वा नसो. त्रिंबकराव शुल्क वसूल करणाऱ्या कार्यालयात विनवण्या करून आले. तिथला अधिकारी शांतपणे म्हणाला, "आम्हाला खोल्या मोजायला सांगितलंय, माणसं नव्हे."

टीव्ही काढावेत तर विक्रेते दुसरीकडे जाणार. तेव्हा त्यांनी सगळ्याच खोल्यांचे भाडे वाढवले. पण महिन्याभरातच निम्म्या खोल्या ओस पडल्या. हताश होऊन त्यांनी आपल्या वृद्ध गुरुजींना बोलावून घेतले.

गुरुजींनी सारे ऐकले. रात्री एका खोलीचे भाडे आग्रहाने त्रिंबकरावांच्या हातावर ठेवले, खोलीला कुलूप लावले आणि काठी टेकत निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रुग्णालयाच्या व्हरांड्यात, उघड्या फरशीवर पथारी टाकून बसलेले दिसले.

त्रिंबकरावांना अपमान वाटला. "गुरुजी, खोली असताना इथे झोपलात? माझं काही चुकलं का?"

गुरुजींनी शेजारच्या बाईकडे पाहिले. "रखमाबाई, यांना सांगा."

ती संकोचून म्हणाली, "मालक, आधी तुमच्याकडंच होते की मी. धनी आत हायेत, दोन महिनं झालं. भाडं वाढलं तवा इकडं आले. टीव्ही तर म्या कधी लावलाबी नव्हता."

त्रिंबकरावांची मान खाली गेली.

"त्रिंबक," गुरुजी म्हणाले, "न पाहिलेल्या टीव्हीचे पैसे भरावे लागतात म्हणून तू चिडलास. तुझा राग रास्त आहे. पण ते ओझं तू पुढे सरकवलंस, आणि या बाईला ते पुढे सरकवायला कुणी नव्हतं. ओझं कुठे येऊन थांबतं ते मला पाहायचं होतं."

"मग मी काय करू?"

"मला ठाऊक नाही. नियम माझ्या हातात नाही, तुझ्याही नाही. भाडं उतरवलंस तर कदाचित तूच बुडशील."

त्रिंबकराव घरी आले. त्याच दिवशी त्यांनी खोल्यांतले टीव्ही उतरवले आणि भाडे पूर्वीइतके केले. विक्रेत्यांनी दुपारीच सामान हलवले. संध्याकाळी त्रिंबकराव रखमाबाईंना न्यायला व्हरांड्यात गेले, तेव्हा बाईंची जागा रिकामी होती.

"तिचा नवरा दुपारी वारला," शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितले. "गावाकडं घेऊन गेली त्याला."

त्रिंबकराव त्या फरशीवर बसले. तिचा गारठा त्यांच्या अंगात शिरत राहिला. आपल्या वाट्याचे ओझे उतरले म्हणून हायसे वाटण्यापूर्वी, ते कुणी उचलले हे एकदा चालत जाऊन पाहावे.