चांगूआयची लांब दोरी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका. खाडीकाठची माणसं वर्षं मोजत नाहीत, भरत्या मोजतात, आणि भरत्यांचा हिशेब कोणी ठेवलाय? एवढंच धरा की खाडीवर तेव्हा पूल नव्हता. ह्या काठाला आवळखार गाव, त्या काठाला मिठागरं, आणि अल्याड-पल्याड करायला होड्या. त्या काळात आवळखारात चांगूआय नावाची सुईण होऊन गेली.

दोन्ही काठांची पोरं हिच्याच हातावर जन्मली. असं म्हणतात, की अडलेल्या बाळंतिणीच्या उंबऱ्यात चांगूआयचं पाऊल पडलं की पोटातलं पोर आपणहून वळायचं. असंही म्हणतात, की ती होडीत बसली की ओहोटीसुद्धा जरा दमानं घ्यायची, होडी चिखलात रुतू द्यायची नाही. यातलं निम्मं खरं धरलं तरी पुष्कळ झालं.

पण आजही गावात तिचं नाव निघतं ते बाळंतपणांसाठी नाही. ते निघतं ओठांसाठी. हसू नका, ऐका.

मिठागरातलं ऊन म्हणजे काय, ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. वरून सूर्य भाजतो आणि खालून पांढरं मीठ भाजतं. वैशाखात मीठ पिकलं की माणसांचे ओठही पिकायचे. आधी ओठाच्या कडेला मुंग्या आल्यागत व्हायचं, मग पाण्याचे बारीक फोड घोसानं उठायचे, मग ते फुटून त्यांची खपली धरायची. कोणी म्हणे झुरळ चाटलं, कोणी म्हणे अंगातला ताप ओठावर फुटला. आणि औषधं तर काय विचारता! एक म्हणे मीठ चोळ, दुसरा म्हणे चुना लाव, तिसरा उलथनं तापवून उभा. फोडानं न ओरडलेला माणूस औषधानं बोंबलायचा.

चांगूआयनं ही सगळी थेरं बंद पाडली. ती म्हणायची, हा पाव्हणा आहे, त्याला डिवचू नका, आला तसा आपल्या पायानं जाईल. थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं ओठावर धरायचं. खोबरेल लावायचं ते कापसाच्या बोळ्यानं, आणि बोळा चुलीत टाकायचा. ओठाला हात लागला की हात धुवायचे, तेच बोट डोळ्याला लावायचं नाही. पाणी प्यायला आपली वेगळी करवंटी. उन्हात जाताना ओठावर पदर. खपली नखानं काढायची नाही, ती आपली आपण पडते. आणि शेवटचं, सगळ्यांत कडक: खपली पडून ओठ नितळ होईस्तवर तान्ह्या पोराजवळ तोंड न्यायचं नाही. मग तो पोराचा बाप असो की गावचा पाटील.

का, ते मात्र ती सांगत नसे. लोक म्हणत, म्हातारीचा हेका, दुसरं काय. पण जिच्या हातावर आपण जन्मलो तिच्याशी भांडायचं कसं? म्हणून ऐकत.

कारण होतं, आणि ते पल्याडच्या काठावर होतं. तिथं ठमाबाय म्हणून एक बाई होती, मोठ्या मिठागराची मालकीण, तोंडानं फटकळ, मनानं खडीसाखर. तरुणपणी तिला पहिला मुलगा झाला तो वैशाखातच. सुईण अर्थात चांगूआय. गोरं गोमटं, वाघासारखं रडणारं पोर. दुसऱ्या आठवड्यात त्याचं अंग तापलं, त्यानं अंगावर प्यायचं सोडलं आणि बघता बघता ते गेलं. सगळे म्हणाले, सटवाईनं नेलं. चांगूआयही तेव्हा तेच म्हणाली. पण पुढं आणखी दोन-तीन घरांत असंच झालं, आणि दर वेळी तिला आठवत गेलं की त्या घरात कोणाचा तरी ओठ फुटलेला होता आणि त्यानं पोराचे पटापट मुके घेतले होते. मग एके दिवशी तिला ठमाबायचा तेव्हाचा फुटलेला ओठ आठवला. तो दिवसभर पोराच्या गालावर असायचा. पोर तर परत येणार नव्हतं. मग हे त्या माउलीला सांगायचं ते कशासाठी? तिनं ते पोटात घातलं आणि वरून नियमाचं झाकण लावलं.

आता नशिबाचा खेळ बघा. ह्याच ठमाबायच्या धाकट्या मुलाला चांगूआयची एकुलती एक लेक दिली. येसू तिचं नाव. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी कूस उजवेना. नवससायास झाले, टोमणे झाले. शेवटी एकदाचे दिवस गेले, येसू माहेरी आली आणि चांगूआयच्या हातावर तिचा स्वतःचा नातू जन्मला. महिना कोणता? वैशाख!

पाचवीच्या दिवशी ठमाबाय नातू बघायला निघाली. त्या काठाची एक रीत होती. बापाच्या आईनं पाचवीला पोर उचलायचं, त्याच्या तोंडाचा पहिला मुका घ्यायचा आणि म्हणायचं, “आमचं मीठ आमच्या घरी.” तेवढं झालं की पोर त्या घराचं. ते झालं नाही, तर पोर परकं आणि त्याची आईही परकी.

चांगूआय धक्क्यावर उभी होती. होडी लागली, विहीणबाई उतरल्या, वाऱ्यानं तोंडावरचा पदर सरकला, आणि चांगूआयनं बघितलं. ठमाबायचा खालचा ओठ टरारून फुटलेला होता. पाळण्यात पाच दिवसांचा जीव, आणि ही बाई त्याला तोंडाला लावायला आसुसून आलेली.

एक वाक्य पुरेसं होतं. ‘बाई, तुझा पहिला असाच गेला.’ ते ऐकून ठमाबाय जागच्या जागी थांबली असती, आणि मग जन्मभर तिथंच थांबून राहिली असती. वाक्य जिभेवर आलं, आणि चांगूआयनं ते गिळलं. पाव्हण्यांना ओटीवर बसवून, गूळपाणी देऊन ती मागल्या दारी गेली. परत आली ती ओठाला पदर लावून, आणि थेट उंबऱ्यातच बसली.

“ठमाबाय,” ती म्हणाली, “माझाही ओठ फुटलाय. मी नातवाला शिवणार नाय. तूही आत जाऊ नको. आपण दोघी हितंच बसू.”

झालं! ठमाबायचा पारा चढला. आजवर ऐकलं ते परक्या सुईणीचं ऐकलं, आता विहीण होऊन मला माझ्या नातवाच्या आड येतेस काय, असं तिनं विचारलं. मुका नाही तर नातू नाही, आणि नातू नाही तर सूनही ठेवून घे, असंही बोलून गेली. आत येसू हुंदके देत होती. गावही ठमाबायच्या बाजूचं. लोक म्हणू लागले, म्हातारीनं आज लेकीचा संसार मोडला. चांगूआयनं सगळं ऐकून घेतलं, पण उंबरा सोडला नाही. आणि ह्या गलक्यात पाळण्यातलं पोर असं टाहो फोडून रडायला लागलं, की कोणाचं कोणाला ऐकू येईना.

तेव्हा चांगूआय उठली. धक्क्यावर गेली आणि ठमाबायची होडी बांधली होती तो दोर तिनं सोडला. लोक ओरडले, होडी जाईल, ओहोटी लागलीय! तिनं मागं वळून पाहिलं नाही. घरी येऊन दोर धुतला, त्याचं एक टोक येसूकडून पाळण्याला बांधून घेतलं आणि दुसरं टोक उंबऱ्याबाहेर ठमाबायच्या मुठीत दिलं.

“पहिला मुका राहू दे गो,” ती म्हणाली. “पहिला झोका तुझा. दोर तुझ्याच घरचा हाय.”

ठमाबाय रागानं दोर फेकणारच होती. पण हात पोरं जोजवून सरावलेला. त्यानं आपणहून दोर ओढला. पाळणा हलला. पोर गप्प झालं. ठमाबायनं पुन्हा दोर ओढला, आणि मग ती तिथंच मटकन खाली बसली आणि म्हणाली, “आमचं मीठ आमच्या घरी.”

आणि असं म्हणतात, की सोडलेली ती होडी गेलीच नाही. ओहोटी लागली, खाडी उपसली, दुसऱ्या दोन होड्या दोर तोडून वाहत गेल्या, पण ठमाबायची होडी दोराशिवाय धक्क्याला उभी राहिली. खाडीचं पाणीसुद्धा नातू बघायला थांबलं होतं, असं आवळखारचे लोक सांगतात. कोणाला खोटं वाटलं तर त्यानं खाडीला विचारावं.

खपल्या पडेपर्यंत दोन्ही आज्या उंबऱ्याबाहेर बसून राहिल्या. एक दमली की दुसरी दोर ओढायची. दोघींची फडकी वेगळी, करवंट्या वेगळ्या. ठमाबायचं नख सारखं खपलीकडं जायचं, की चांगूआय तिच्या हातावर चापट मारायची. भांडल्या, हसल्या, दोघींनी मिळून गावातल्या यच्चयावत सुनांची उणीदुणी काढली. एका दुपारी मात्र दोर ओढता ओढता ठमाबायनं हळूच विचारलं, “चांगू, माझा पहिलाही वैशाखातलाच. तेव्हा माझा ओठ...”

चांगूआयनं तिला पुढं बोलू दिलं नाही.

“त्याला सटवाईनं नेला, बाय. तुझा काय दोष नाय त्यात.”

ठमाबाय पुन्हा दोर ओढायला लागली.

पुढं खपली पडली, ओठ नितळ झाले, आणि ठमाबायनं नातवाला उचलून छातीशी धरलं. येसू पोराला घेऊन वाजतगाजत सासरी गेली. ते पोर वाढलं, मिठागरात राबलं, नातवंडं खेळवून पिकलं पान होऊन गेलं. ह्यापेक्षा मोठा चमत्कार कोणाला हवा असेल तर त्यानं दुसऱ्या गावची गोष्ट ऐकावी.

चांगूआय गेली तेव्हा असं म्हणतात, की दोन्ही काठांचे पाळणे आपोआप हलले. ठमाबाय तेव्हा काठी टेकत चालायची. ती खाडी ओलांडून आली, त्याच उंबऱ्यावर बसली, आणि जमलेल्या लोकांना तिनं सांगितलं:

“हिचा ओठ फुटलाच नव्हता. मागल्या दारी जाऊन हिनं चुना लावून भाजून घेतला होता. जन्मभर पान खाणाऱ्या बाईला चुन्यानं भाजलेला ओठ कळत नाय व्हय? मला पहिल्याच दिवशी कळलं. मी एकटी पडू नये म्हणून ही स्वतःच्या नातवापासनं लांब बसली. मग हिनं मला जे सांगितलं नाय, तेही मला कळलं.”

एवढं बोलून ती रडली. त्या दिवशी तिच्याबरोबर सगळं गाव रडलं.

आता खाडीवर पूल आहे. ओठाला लावायला डॉक्टर मलम देतात, आणि तान्ह्या पोराचा मुका घेऊ नका हे तेही बजावतात. तरी आवळखारात पाळण्याची दोरी अजून उंबऱ्यापर्यंत लांब असते. ज्याचा ओठ फुटलाय तो स्वतःच म्हणतो, आज दोरी माझी. कोणी नाक मुरडत नाही, कोणामुळं झालं हे कोणी विचारत नाही. त्याला उंबऱ्याबाहेर पाट मांडतात आणि पहिला झोका त्याला देतात.

पाट मात्र दोन मांडतात. एक त्याचा आणि दुसरा चांगूआयचा. आणि चांगूआयचा पाट रिकामा ठेवायचा नसतो, घरातलं कोणीतरी धडधाकट माणूस येऊन त्यावर बसतं.