सुरंगीच्या तळाचं पाणी

त्या राज्यातली प्रत्येक होडी गळत होती, आणि एकही होडी ते कबूल करत नसे. राज्य म्हणजे नुसते करडे पाणी आणि धुके. किनारा कुणी पाहिलेला नव्हता. होड्या ओळीने नांगरलेल्या असत, मध्ये हातभर अंतर राखून, कारण शेजारणीला टेकणे हा तिथे निर्लज्जपणा समजला जाई. सकाळी एकीने विचारायचे, "कोरडं ना?" दुसरीने म्हणायचे, "ठणठणीत!" यापुढे कुणी थांबत नसे. मग कुणी बघत नाही असे पाहून प्रत्येक होडी अंग हलवून आतले पाणी बाहेर टाकी.

ओळीच्या मधोमध सुरंगी उभी असे. तिच्या डाव्या कुशीचा सांधा उकलला होता. कधी, कशाने, ते तिलाही सांगता आले नसते. एखादा खडक लागला असता तर निदान सांगण्याजोगे काही असते. पाणी कितीही टाकले तरी पुन्हा भरे. आधी तिने शीड उभारणे सोडले, मग गाणे.

गाणे सोडलेले लपत नसे. ठरल्या दिवशी सगळ्या होड्या आपल्याला घडवणाऱ्याची स्तुती गात, आणि पुढच्या टोकाला पितळेचा पत्रा मिरवणारी पितळी नावाची होडी त्यांत पुढे असे. एकदा तिने सुरंगीला न्याहाळले.

"काय गं, बसलीस की काय? न्याहारी जड झाली वाटतं!"

ओळ हसली. सुरंगी हळूच म्हणाली, "आत पाणी येतंय, ताई."

हसणे थांबले. पितळी मायेने बोलली, आणि तेच जास्त लागले. "असं बोलू नये गं. त्याच्या हातचं काम कधी गळतं का? तुझं गाणंच कमी पडत असेल. गात जा."

सुरंगी गायली. पाणी तेवढेच राहिले. आता त्यात लाजेची भर पडली.

ओळीत काही जागा रिकाम्या होत्या. तिथल्या होड्या केव्हातरी दोर सोडून तळाला गेल्या होत्या. त्यांचा विषय कुणी काढत नसे. सुरंगीचे लक्ष मात्र हल्ली त्याच जागांकडे जाई. खरे तर तिला तळ नको होता; पाणी टाकणे थांबायला हवे होते. पण या दोन गोष्टी आता तिला वेगळ्या दिसेनाशा झाल्या होत्या.

एका दुपारी तिने आपला दोर सैल करायला घेतला.

तिच्या उजव्या अंगाला पास्कू हा जुना, रुंद मचवा उभा असे. तो फारसा बोलत नसे. त्या दिवशी तो म्हणाला, "सुरंगे, तळाला जायचं मनात आहे का?"

इतके उघड कुणी कधी विचारले नव्हते. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही.

"हो, मामा."

तो दचकला नाही. गाण्याचेही काही बोलला नाही. "किती दिवसांपासून?"

"आठवत नाही. फार."

"मग दमली असशील."

या एका शब्दावर सुरंगीच्या साऱ्या फळ्या करकरल्या.

"तो दोर इकडे दे," पास्कू म्हणाला. "आज तो माझ्या अंगाला राहू दे. आणि टेक माझ्यावर."

"ओळ काय म्हणेल?"

"म्हणू दे. मला काय तू कोरडा समजलीस? अगं, माझ्यात मासे फिरतात!"

ती हसली नाही, पण दोर तिने दिला.

"आणि मी एकटा पुरायचा नाही. आणखी कुणाला हाक मारतो."

"नको, मामा!"

"मारतो. तू खुशाल रागाव माझ्यावर."

त्याने हाक मारली. पितळीने ऐकून तोंड फिरवले. चिंगी नावाची एक लहानशी डोंगी मात्र सरकत आली आणि पास्कूच्या पलीकडच्या अंगाला घट्ट लागून उभी राहिली. "मला वाटायचं, मीच एकटी," एवढेच ती बोलली.

पाणी थांबले नाही. सांधा मिटला नाही. धुके होते तसेच होते, आणि उद्या ते उठेल असे पास्कूनेही सांगितले नाही.

"टेक," तो पुन्हा म्हणाला.

सुरंगी टेकली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने आपले सगळे वजन दुसऱ्या कुणावर टाकले. ती उजवीकडे कलली, तशी तिची डावी कूस, कधी नव्हे ती, पाण्यातून वर आली.

उकललेल्या सांध्यावर एक हात होता, तिला घडवणाऱ्याचा. उघडा तळवा, फटीवर दाबून धरलेला; फार काळ पाण्यात राहून बोटे पांढरी पडलेली, सुरकुतलेली. कूस वर आली तसा तोही वर आला, पण सुटला नाही. तळव्याच्या मधोमध खिळा आरपार गेल्याचे जुने भोक होते, आणि आजवर सुरंगीत आलेले सारे पाणी त्या एवढ्याशा भोकातून आलेले होते.