बसाप्पांची भरलेली डोण

घाटाच्या पायथ्याशी एका गावात बसाप्पा नावाचे एक गुळाचे व्यापारी राहत होते. माणूस सोन्यासारखा. वाटसरू असो, भिक्षेकरी असो, की वखारीत गुळाच्या ढेपा उतरवणारा हमाल असो, बसाप्पा आधी ताट मांडत आणि मग नाव विचारत. त्यांच्या दारातून कोणी उपाशी गेल्याचं गावाने कधी पाहिलं नाही. आता मी तुम्हांला त्यांची एक चूक सांगणार आहे, पण तीही भल्या माणसाचीच चूक होती, हे आधीच सांगून ठेवतो.

समोरच्या घरात त्यांची थोरली बहीण नीलाक्का राहायची. नवरा वारल्यावर भावानेच तिला तिथे घर बांधून दिलं होतं. अक्का अंगाने किरकोळ, पण बोलायला मिरची. भावावर तिचा जीव होता. तोंडावर कौतुक करणं मात्र तिला जन्मात जमलं नाही.

दोघांनी लहानपणी दुष्काळ पाहिला होता. घरात आई, ही दोन भावंडं आणि दिवसाला एक भाकरी. बसाप्पांच्या मनात त्यातलं राहिलं ते रिकामं टोपलं. भाकरीचं टोपलं उघडावं आणि आत काही नसावं, असं इतक्या वेळा झालं की मोठेपणी त्यांनी शपथच घेतली : माझ्या घरी कुठल्याही जिवाला रिकामं भांडं दिसता कामा नये. अक्काच्या मनात राहिली ती आई. भाकरीचे तुकडे वाटून झाले की आई समोर बसायची आणि दोघांनी शेवटचा घास गिळेपर्यंत जागची हलायची नाही. घर एक, भूक एक, पण दोघांनी धडा घेतला तो वेगवेगळा.

एका वर्षी वखारीत ढेपांच्या मागे एक कुत्री व्याली. तिची दोन पिल्लं जगली. एक बसाप्पांनी ठेवलं आणि त्याचं नाव ठेवलं सरदार. दुसरं अक्काने उचललं. ती म्हणाली, "तुझा सरदार, तर माझा कारभारी. काम तरी करील."

सरदारसाठी बसाप्पांनी अंगणात एक दगडी डोण मांडली, गुरांना पाणी ठेवतात तसली. तिच्यात दूधभात, भाकरी, सणासुदीला पुरणपोळीसुद्धा. भैरू गड्याला सक्त ताकीद होती, की डोणीचा तळ दिसता कामा नये. सरदार मनाला येईल तेव्हा उठायचा, दोन घास खायचा आणि पुन्हा लवंडायचा. परगावची माणसं मुद्दाम ही डोण बघायला यायची. "जन्म घ्यावा तर बसाप्पांच्या दारच्या कुत्र्याचा," असं म्हणायची. ते ऐकून बसाप्पांना बरं वाटायचं. कुणाला वाटणार नाही?

समोर अक्काच्या दारी तऱ्हा निराळी. ती सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा ताकात कुस्करलेली भाकरी घेऊन पायरीवर यायची आणि हाक मारायची. कारभारी शेपटी हलवत धावत यायचा. तो जेवेपर्यंत ती समोर बसायची. त्याने तोंड फिरवलं की थाळी उचलायची, उरलेलं असलं तरी. मधल्या वेळी कारभारी तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. कुत्र्याच्या डोळ्यांचं काय सांगावं! आत्ता जेवून उठला असला तरी सात पिढ्यांचा उपाशी वाटतो. अक्काचंही आतून पाणी पाणी व्हायचं, पण ती उठून घरात जायची आणि काहीतरी निवडत बसायची. हे सोपं नसतं. ज्याने कुत्रा पाळला आहे त्यालाच ते कळेल.

गावाला मात्र ते कळलं नाही. "म्हातारी कुत्र्याच्या तोंडचा घास काढते," असं लोक म्हणू लागले. बसाप्पांनाही राहवेना. ते बहिणीची नजर चुकवून कारभारीला दूधपोळी टाकू लागले. एक दिवस अक्काने त्यांना पकडलंच.

"बसू, काय चाललंय हे?"

"मुकं जनावर आहे, अक्का. भूक लागली तर सांगणार कुणाला?"

"मुकं आहे म्हणूनच," अक्का म्हणाली. "वेळेवर आला आणि पोटभर जेवला, की मला कळतं गडी बरा आहे. नाही जेवला, की कळतं काहीतरी बिनसलंय. त्याची माझी बोलणी तेवढीच. त्यात तू मध्ये पडू नकोस."

बसाप्पा चिडले. "तुझ्याकडे भाकरी कमी पडत असेल तर माझ्याकडून नेत जा."

हे बोलायला नको होतं. एका टोपल्यातली भाकरी वाटून खाल्लेली ती भावंडं! अक्का तडक आत निघून गेली. त्या दिवसापासून भावाबहिणीचं बोलणं बंद झालं.

पुढे गावची जत्रा आली. माळावर बकरी कापली गेली. बसाप्पा आणि अक्का शाकाहारी, त्यांच्या उंबऱ्याच्या आत हाड येणं शक्यच नव्हतं. पण कुत्र्यांची जत्रा कोण चुकवणार? सरदार आणि कारभारी, दोघे भाऊ, माळामागच्या उकिरड्यावर जाऊन मनसोक्त हाडं फोडून आले. येताना दोघांच्याही तोंडात हाडाचा एकेक तुकडा अडकलेला होता. टाळूला आडवा, दोन्हीकडच्या दाढांमध्ये घट्ट.

त्या संध्याकाळी अक्काने हाक मारली. कारभारी आला, थाळीला नाक लावलं आणि मागे सरला. जत्रेत चरून आला असेल, असं म्हणून तिने थाळी उचलली. सकाळीही तो तसाच मागे सरला. तेव्हा अक्काने पदर खोचला, त्याला गुडघ्यांत दाबून धरलं आणि जबडा उघडून आत पाहिलं. मग पळीच्या दांड्याने तो तुकडा हळूच सुटा करून बाहेर काढला. कारभारी दुपारपर्यंत रुसून बसला. दिवेलागणीला त्याने थाळी चाटूनपुसून लख्ख केली.

समोर सरदारही डोणीपाशी गेला होता. त्यानेही वास घेतला, मागे फिरला आणि ओट्याखालच्या अंधारात जाऊन पडला. पण डोण रिकामी होतच होती! सकाळी कावळे, दुपारी गल्लीतल्या कोंबड्या, मग शेजारची शेळी, आणि मांजर तर घरचंच. तळ दिसला की भैरू इमानाने भरत होता. त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? त्याला डोणीवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, कुत्र्यावर नव्हे.

वखारीतून आले की बसाप्पा विचारायचे, "सरदार जेवला का रे?"

"जेवलाय की, मालक. आज दोनदा भरली डोण."

बसाप्पा समाधानाने पान लावायला बसायचे. सरदार ओट्याखालून हलत नाही, हे लोकांनीही पाहिलं. पण ते हसून म्हणाले, "खाऊन खाऊन सुस्तावलाय. सरदाराचा जहागीरदार झाला." त्याच्या दाट केसांखाली बरगड्या वर आल्या होत्या, त्या कुणाच्या नजरेला पडल्या नाहीत. तो पंजाने तोंड घासायचा, तेव्हा माशा हाकलतोय असं सगळ्यांना वाटायचं.

अक्काला मात्र सरदारची सारखी आठवण येत होती. दोघे कुत्रे जत्रेला संगतीनेच गेले होते. पण त्या दारात जायचं कसं? भावाचा तो एक शब्द वाटेत आडवा पडला होता. भरलं घर आहे, कुणीतरी बघेलच, अशी ती मनाची समजूत घालत राहिली. मग एका दुपारी तिने पायरीवरून पाहिलं, की डोणीत कोंबडी उभी आहे आणि सरदार हनुवटी जमिनीला टेकून पडला आहे. कोंबडीने त्याच्या अंगावर शितं उडवली तरी त्याचा कान हलला नाही. अक्का तशीच उठली. मान, अपमान, सगळं तिने त्या पायरीवर ठेवलं आणि बोळ ओलांडून भावाच्या अंगणात गेली. मला विचाराल तर या गोष्टीतलं सगळ्यात लांबचं अंतर तेच होतं.

"बसू, सरदार कधीपासून जेवलेला नाही?"

बसाप्पांना हसूच आलं. "माझ्या घरी, अक्का? ती डोण बघ. काठोकाठ आहे."

"डोण मला दिसतेय. मी कुत्र्याचं विचारलं."

बसाप्पांचं हसू मावळलं. त्यांनी भैरूकडे पाहिलं. सरदारला जेवताना शेवटचं कुणी पाहिलं होतं, हे त्या भरल्या घरात एकालाही सांगता येईना.

त्याला ओट्याखालून बाहेर ओढलं, तेव्हा बसाप्पांच्या हाताला नुसती हाडं लागली. तोंडाला घाण सुटली होती. अक्काने तुकडा काढला, पण टाळूची जखम चिघळली होती. भैरू धावत जाऊन गुरांच्या वैद्याला घेऊन आला. तोवर शेजारीपाजारीही अंगणात जमले होते. वैद्याने जखम धुतली, औषध लावलं आणि स्पष्टच सांगितलं, "जगेल की नाही, सांगता येत नाही. पातळ पेज द्या, थोडीथोडी, ठरलेल्या वेळी, स्वतःच्या हाताने. किती पोटात गेली ते मला रोज कळलं पाहिजे. आणि मधे घट्ट काही तोंडात गेलं तर जखम पुन्हा फाटेल."

सगळ्यांच्या नजरा डोणीकडे वळल्या. भैरू ती उपसायला वाकला.

"थांब," बसाप्पा म्हणाले. "भरायला मी लावली होती. रिकामी मीच करतो."

त्यांनी भात ओंजळीने काढून शेळीपुढे टाकला, डोण धुतली आणि भैरूच्या मदतीने पालथी घातली. रिकामं भांडं ज्यांना बघवत नसे, त्यांनी ते आपल्या हाताने अंगणात मांडलं होतं. वाईट सवय सोडणं जड जातं, हे सगळेच सांगतात. पण ज्या सवयीचं जगाने कौतुक केलं, तिच्यात चूक होती हे कबूल करणं त्याहून जड असतं. बसाप्पांनी ते भर अंगणात, दहा माणसांसमोर केलं. म्हणून तर मी त्यांना मानतो.

मग बसाप्पा पेजेची वाटी घेऊन जमिनीवर बसू लागले. वखारीत गिऱ्हाईक खोळंबलं तरी वेळ झाली की उठून यायचे. बोट पेजेत बुडवून सरदारच्या ओठांना लावायचे. आधी पेज नुसती बाहेरच यायची. वैद्य मान हलवायचा. गावात कुजबुज झाली, "बसाप्पांना उतरती कळा लागली, डोण पालथी पडली." कुणी तोंडावर विचारलं तर ते म्हणायचे, "हो, पालथी आहे." जास्त काही सांगत बसायचे नाहीत. अक्का शेजारी बसून असायची. 'मी तेव्हाच सांगत होते' हे वाक्य तिच्या जिभेवर किती वेळा आलं असेल! पण त्या मिरचीसारख्या बाईने ते एकदाही उच्चारलं नाही.

एका सकाळी सरदारने बोट चाटलं. दुसऱ्या दिवशी वाटी चाटली. हळूहळू पेजेत भात आला, भातामागून ताकातली भाकरी आली.

आणि एका संध्याकाळी बसाप्पा थाळी घेऊन पायरीवर आले. सरदार अंगणाच्या पार टोकाला पडला होता. बसाप्पांनी जरा लाजतच हाक मारली, "सरदार, चल बाबा जेवायला."

सरदारने कान टवकारले. तो धडपडत उठला, दोन पावलं अडखळला आणि मग धावतच सुटला. थाळीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पुढचे दोन्ही पाय बसाप्पांच्या छातीवर ठेवून तो त्यांचं तोंड चाटू लागला. शेपटी अशी हलत होती, की अख्खा कुत्राच हलत होता.

बसाप्पा थाळी हातात घेऊन तसेच पायरीवर बसले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

"अक्का, इतके दिवस मी याला खायला घातलं. पण हा जेवायला माझ्याकडे कधी आलाच नव्हता गं. डोणीकडे जायचा."

अक्काने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मग आता आलाय तर रडत काय बसलास? थाळी खाली ठेव. वेळ झालीय त्याची."

तात्पर्य: भांडं भरलेलं दिसलं म्हणजे पोट भरलं असं नव्हे. ज्याच्यावर माया आहे त्याला वेळेवर वाढावं, आणि तो जेवेपर्यंत त्याच्याकडे बघावं.