अन्नछत्राचे टेकू

"...आणि दोन वर्षांनी हाती काय लागणार, बुवा? एक कागद!"

रोहिदास हे इतक्या मोठ्यानं म्हणाला, की कोठीघरात लसूण सोलत बसलेला मी दारापर्यंत आलो.

रोहिदास म्हणजे आमच्या मठाच्या नव्या अन्नछत्राचं सेंटरिंग करणारा गडी. स्लॅब ओतण्याआधी खालून फळ्या आणि टेकू उभे करायचे, हे त्याचं काम. हात सोन्याचा, डोकं तल्लख, आणि ताठा... ताठ्याचं काय सांगू! मी त्याला चहा दिला, तर दुसऱ्या दिवशी मला चहा पाजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही, असा त्याचा खाक्या.

तालुक्याच्या तंत्रनिकेतनात बांधकाम व्यवस्थापनाच्या डिप्लोम्याला त्याचा नंबर लागला होता. उद्या फी भरायचा शेवटचा दिवस. नाही भरली, तर जागा दुसऱ्याची.

रंगनाथबुवा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

"कागद महाग पडतोय म्हणतोस?"

"तर! फी एक झाली. वर दोन वर्षांची मजुरी बुडणार. पुढं सुपरवायझर झालो तर पगार वाढेल, मान्य. पण घातलेलं भरून यायलाच चारपाच वर्षं जातील."

"आणि त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर... फायदाच आहे की जन्मभर."

"मग अडलंय कुठं रे?"

बुवांनी आणखी एक शेंग फोडली.

"दोन वर्षं घर कोण चालवणार, बुवा?"

"कोण चालवणार?"

"वहिनी म्हणते, मी चालवते. शाळेच्या गणवेशांची शिलाई घेतलीय तिनं. दादा गेल्यापासून तिला आणि पुतणीला मी सांभाळलं. आता मी धडधाकट माणूस तिच्या शिलाईवर जेवू? शोभतं का?"

"असं होय," बुवा म्हणाले.

असं होय! मघापासून फीचा हिशोब सांगून आमचं डोकं खाल्लं आणि दुखणं भलतंच निघालं.

बुवा उठले. धोतराला पुसलेले हात मागं बांधून थेट नव्या अन्नछत्रात शिरले. रोहिदास मागोमाग. मीही गेलो, लसूण हातातच.

स्लॅब परवाच ओतला होता. खाली जिकडंतिकडं लाकडी टेकू, वाट काढत चालावं लागत होतं.

"रोहिदास, हे काढून टाक."

"काय?"

"टेकू. भाडं चढतंय मठावर."

"बुवा, परवा तर स्लॅब ओतलाय!"

"सकाळी वर जाऊन आलो मी. चांगला टणक झालाय."

"वरून टणक लागतो हो. अजून त्याला स्वतःचा भार पेलायचा नाही. आत्ता टेकू काढले तर सगळं खाली येईल!"

"एवढा मोठा स्लॅब, आणि या वाकड्या लाकडांवर उभा? शोभतं का त्याला?"

रोहिदास हसला. हसताहसता मध्येच थांबला.



"मागं भक्तनिवासाचे टेकू काढलेस," बुवा हळूच म्हणाले, "तेव्हा टेंपोत चढवण्याआधी प्रत्येक लाकूड कपाळाला लावत होतास. मी बघत होतो."

"आमच्या वडिलांची रीत आहे ती."

"कशासाठी?"

"त्यांनी तोलून धरलेलं असतं, बुवा. नंतर त्यांची आठवण कोण काढतंय? लोक छताकडं बघून वा वा म्हणतात."

एवढं बोलून त्यानं शेजारच्या टेकूवर हात ठेवला. मग तिथंच खाली बसला.

"काल रात्री मी वहिनीला वाट्टेल ते बोललो, बुवा. म्हटलं, तुझ्या मेहेरबानीची गरज नाही मला. ताटावरून उठलो..." तो नखानं टेकूची साल खरवडू लागला. "तरी सकाळी डबा भरून दिलाच तिनं. शेंगदाण्याची चटणी घातलीय वर, मला आवडते म्हणून."

आणि तो रडला. एवढा आडदांड गडी, पण लहान पोरासारखा रडला. माझेही डोळे भरून आले. हातात कांदा असता तर बरं झालं असतं, लसणाचं निमित्त कोण मानणार?

बुवांनी त्याला रडू दिलं.

थोड्या वेळानं त्यानं तोंड पुसलं. "उद्या फी भरतो. आज घरी जाऊन आधी वहिनीच्या पाया पडतो. देवानं अशी माणसं दिली मला, आणि मी करंटा मजुरी मोजत बसलो."

"जा मग."

तो दारापर्यंत गेला आणि वळला. ताठा जाऊन जाऊन किती जाणार!

"पण बुवा, हे फेडायचं कसं? वहिनी तर माझ्याकडून दमडी घ्यायची नाही."

बुवांनी मान वर केली. इथून दिसत नव्हत्या, पण खांबांच्या सळया स्लॅबमधून वर काढून ठेवल्या होत्या, पुढंमागं आणखी एक मजला चढवायचा म्हणून.

"वरचा मजला बांधशील, तेव्हा त्याचे टेकू कशावर उभे करशील?"

"ह्याच स्लॅबवर."

"हं..." बुवा म्हणाले. "पुतणी कितवीत आहे रे तुझी?"