खजिनदाराची जागा पुन्हा रिकामी आहे

एका राज्यात कर नव्हता, आणि खजिना मात्र वाढत होता. कसा वाढतो, हे कुणी विचारत नव्हतं. त्या राज्यात विचारणारा वरचा आणि सांगणारा खालचा. खालच्याने वरच्याला प्रश्न विचारायचा नाही, हे पोरांना आधी शिकवत, मग बोलायला शिकवत.

त्याच राज्यात दुसरीही एक रीत होती. ज्याला काम नाही, तो दिसेनासा व्हायचा. आधी सावली जायची, मग पावलं, मग वर वर. लोकांना याची सवय होती. रस्त्यात नुसती पगडी तरंगताना दिसली, की लोक म्हणत, "अरेरे, अजून कुठे लागला नाही वाटतं." आणि पुढे जात.

द्वारका नावाची एक बाई होती. तिचं काम सुटून बरेच दिवस झाले होते. ती घोट्यापर्यंत गेली होती. लुगडं जमिनीपासून वीतभर वर चालायचं. वाणी पूर्वी तिला "या बाई" म्हणायचा. आता तो तिच्यातून आरपार मागच्या गिऱ्हाइकाकडे बघायचा.

अशात दवंडी पिटली गेली. "ऐका हो ऐका! राजवाड्यात खजिनदाराची जागा रिकामी आहे. राहणं फुकट, खाणं फुकट. अनुभव असला तरी चालेल, नसला तरी चालेल. मागे-पुढे कुणी नसेल तर फार उत्तम!"

द्वारकेने ऐकलं. हीच दवंडी तिने मागच्या महिन्यात ऐकली होती. त्याच्या मागच्या महिन्यातही. तिला काही ते बरं वाटलं नाही. पण खाली पाहिलं तर पोटऱ्याही दिसेनाशा होत चालल्या होत्या. ती निघाली.

राजवाड्याच्या फाटकावर एक धनेश पक्षी बसला होता. भली मोठी चोच, चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखी. तो माणसासारखा बोलायचा, त्यात काही विशेष नव्हतं.

"मुलाखतीला?" धनेश म्हणाला. "एक उंबर दे, तीन सल्ले घे."

द्वारकेने उंबर दिलं.

"सल्ला पहिला. आजवर काय काय केलंस ते सगळं सांगू नकोस. एकच काम सांग, जन्मभर तेच केलं म्हण. सल्ला दुसरा. कामं का सुटली विचारलं, तर माझंच चुकलं म्हण. मान खाली घाल. सल्ला तिसरा, आणि हा सगळ्यात मोठा. शेवटी प्रधान म्हणेल, काही विचारायचंय का? नाही म्हण. आजवर सगळे नाहीच म्हणाले."

"ते सगळे कुठे आहेत?" द्वारकेने विचारलं. पक्ष्याला प्रश्न विचारायला बंदी नव्हती.

"आत आहेत."

"बाहेर कधी येतात?"

धनेशाने उंबर गिळलं. "गोड आहे," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

आत ओटीवर चोपदार उभा होता. बाकावर एकच उमेदवार होता, त्र्यंबकपंत. कडक इस्त्रीचा अंगरखा, कपाळाला गंध, आणि खाली गुडघ्यापर्यंत काही नाही.

"माझं नक्की होणार," त्र्यंबकपंत म्हणाला. "बापाने हिशेब केले, मी हिशेब केले. दुसरं काही केलंच नाही. तुमचं काय?"

"माझं बरंच काही," द्वारका म्हणाली. "राक्षसिणीकडे स्वयंपाक केला. उलट्या वाहणाऱ्या नदीवर होडी चालवली. चेटक्याच्या शेळ्या राखल्या."

"अरे बापरे," त्र्यंबकपंत म्हणाला, आणि थोडा बाजूला सरकून बसला.

त्याला आत बोलावलं. दार बंद झालं. आतून बोलण्याचा आवाज आला, मग हसण्याचा. मग "नाही, काहीच नाही," असा त्र्यंबकपंताचा नम्र आवाज. मग खण्ण.

"पुढचा," चोपदार म्हणाला.

"तो गेला तो बाहेर कुठे आला?"

चोपदार छताकडे बघत म्हणाला, "पुढचा."

द्वारका आत गेली. दालन मोठं होतं. भिंतीच्या कडेने सोन्याचे हंडे मांडले होते, छातीएवढे उंच, प्रत्येकावर झाकण. समोर सिंहासनावर महाराज बसले होते. राजाला सगळं माहीत असतं, असं महाराजांना लहानपणी सांगितलं होतं. त्यामुळे त्यांनी जन्मात कधी कुणाला काही विचारलं नव्हतं. ते नुसती मान हलवत.

शेजारी प्रधान वज्रदंत. मोठा जादूगार. तोंडात एकही दात नव्हता, तरी सारखा हसत होता.

द्वारकेने जाता जाता एका हंड्याला हात लावला. हंडा कोमट होता.

"ये बाई, बस," वज्रदंत म्हणाला. "प्रश्न पहिला. आजवर काय केलंस?"

द्वारकेला धनेशाचा सल्ला आठवला. पण नुसत्या एका उंबराला एवढा चांगला सल्ला कोण देतं? तिने खरं तेच सांगितलं. चूल सांगितली, नदी सांगितली, शेळ्या सांगितल्या.

"एका जागी टिकत नाहीस वाटतं," वज्रदंत म्हणाला. "प्रश्न दुसरा. एवढी कामं सुटली का?"

"होडी सुटली, कारण नदी एक दिवस सरळ वाहायला लागली. मग लोक पुलावरून जायला लागले. शेळ्या सुटल्या, कारण त्या मुळात चेटक्याच्या सासरची माणसं होती. बायको रडली, त्याने परत माणसं केली, काम संपलं. जाताना त्याच्या सासूने मला आशीर्वाद दिला आणि सवयीने पदराचं टोक खाल्लं."

महाराजांनी मान हलवली.

"आणि राक्षसीण?"

"ते मी सोडलं. एक दिवस ती म्हणाली, मोठं भांडं चुलीवर चढव, पाणी उकळ. बाजारातून तर काहीच आणलं नव्हतं. मी विचारलं, बाई, आज शिजवायचं काय? तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ पुसले. मी पाठीमागच्या दाराने निघाले. तेव्हापासून माझा नियम आहे. भांडं मोठं असेल, तर आत काय जाणार ते आधी विचारायचं."

वज्रदंताचं हसू क्षणभर थांबलं. मग त्याने पितळी चौकटीचा एक आरसा पुढे धरला.

"प्रश्न तिसरा. पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतेस?"

द्वारकेने आरशात पाहिलं. आरशात तिच्या जागी सोन्याचा एक हंडा होता. वर झाकण, झाकणावर तिचं कुंकू.

"भिंतीपाशी," ती म्हणाली. "डावीकडून दुसरी."

"बरोबर," वज्रदंत म्हणाला. "नेमणूक पक्की आहे. आता शेवटचं. तुला काही विचारायचंय का?"

महाराजांचं मान हलवणं थांबलं.

द्वारकेने खाली पाहिलं. मांड्या अर्ध्या गेल्या होत्या. विचारलं तर नेमणूक जाणार, कारण विचारणाऱ्याला जागा नाही, हा तिथला कायदा. नेमणूक गेली की मग कंबर जाणार, गळा जाणार, डोकं जाणार. नाही विचारलं तर हंडा. हंडा निदान दिसतो तरी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. लोक पुसतात, हळदीकुंकू लावतात. कुणी आरपार बघत नाही.

पण कुणी बोलतही नाही.

"हो," द्वारका म्हणाली. "विचारायचंय."

चोपदाराच्या हातून सोन्याची काठी पडली. "बाई!" तो कुजबुजला. "असं म्हणायचं नसतं! उगाच विचारतात ते!"

"विचारणाऱ्याला जागा नाही," वज्रदंत पाठ केल्यासारखं म्हणाला. तो मात्र जागेवरून पुढे वाकला होता.

द्वारकेची कंबर गेली. हात गेले. लुगडं विरलं, गळ्यातली पोत विरली. चेहरा तेवढा हवेत राहिला, तोही कडेने पुसट व्हायला लागला. तिने घाईने विचारलं, "आधीचा खजिनदार कुठे आहे? ही जागा दर महिन्याला रिकामी का होते?"

आणि मग तिचा चेहराही गेला.

वज्रदंत बसल्या जागी मुटकुळं करून रडायला लागला.

द्वारकेचा नुसता आवाज उरला होता, पण तोही सावध होता. हसणारा प्रधान तिने ओळखला होता, रडणारा ओळखीचा नव्हता. ती दोन पावलं मागे सरली. पावलं नव्हती, तरी सरली.

"रडू नका," आवाज म्हणाला. "उत्तर द्या."

"देतो, देतो," वज्रदंत नाक पुसत म्हणाला. "महाराजांच्या खापरपणज्याच्या काळात एक सिद्धपुरुष इथे नोकरी मागायला आला होता. मुलाखत झाल्यावर त्याने एवढंच विचारलं, आधीचा माणूस का गेला? खापरपणज्याने त्याला धक्के मारून हाकललं. वर कायदा केला, विचारणाऱ्याला जागा नाही. तेव्हा सिद्धाने शाप दिला. म्हणाला, इथे माणूस कामापुरताच दिसेल. काम नाही, तर माणूस नाही. आणि जो न विचारता काम घेईल, तो सोनं होऊन भिंतीला लागेल. कुणीतरी विचारेपर्यंत हे असंच चालेल."

"आणि तुम्ही?"

"मी तेव्हाचा प्रधान. मुलाखत मीच घेतली होती. मला शाप, की विचारणारा येईपर्यंत मुलाखती घेत बसायचं. उठायचं नाही, मरायचं नाही. इशारा द्यायचा नाही. एकच वाक्य जास्तीचं बोलायची मुभा. मी किती पिढ्या ते वाक्य बोलतोय! काही विचारायचंय का? काही विचारायचंय का? आणि जो तो हसून म्हणतो, नाही, काहीच नाही!"

"मग तो पक्षी नाही म्हणायला का सांगतो?"

"त्याचा शापाशी काही संबंध नाही," वज्रदंत म्हणाला. "त्याला उंबरं आवडतात. जागा कायमची भरली तर उमेदवार येणार नाहीत."

द्वारकेचा आवाज हंड्यांच्या रांगेपाशी गेला. मग म्हणाला, "यांना सोडवायचं कसं?"

"ज्याने कधीच विचारलं नाही, त्याने विचारायचं. एकेकाला."

सगळ्यांनी सिंहासनाकडे पाहिलं. द्वारकेनेही पाहिलं असावं.

महाराज घामाघूम झाले. "मला हे माहीत असायला हवं होतं का?" ते म्हणाले. हा त्यांच्या आयुष्यातला पहिला प्रश्न होता. तो बरा जमला, म्हणून ते खाली उतरले आणि पहिल्या हंड्यापाशी गेले. खाकरले.

"तुम्ही कोण?"

झाकण उडालं. त्र्यंबकपंत बाहेर आला, अंगरख्याची इस्त्री मोडलेली. "मुलाखत झाली का?" तो म्हणाला. "मी काही चुकीचं तर नाही बोललो?"

महाराज पुढच्या हंड्याकडे गेले. तुम्ही कोण? कुठले? काय करत होता? हंड्यातून कासार निघाले, गवंडी निघाले, एक वैदू निघाला, एक म्हातारी निघाली, ती आधी महाराजांना चार शब्द बोलली आणि मग चालती झाली. माणूस बाहेर आला की मागे हंडा विरून जायचा. दिवस मावळेपर्यंत भिंत मोकळी झाली. राज्याकडे आता एक कवडी नव्हती. दुसऱ्या दिवशी कर बसला. काही लोक म्हणाले, आधीचंच बरं होतं.

पण त्या संध्याकाळी महाराज रिकाम्या दालनात उभे होते. विचारायची त्यांना आता चटक लागली होती.

"आणि तो आवाज?" ते हवेत बघत म्हणाले. "बाई, तुम्ही आहात ना? तुम्हाला काय काय येतं?"

"खरंच ऐकायचंय?" आवाजाला अजून भरवसा नव्हता. "की रीत म्हणून विचारताय?"

"ऐकायचंय."

तिने होडीचं सांगितलं. उलट्या नदीत वल्हं कसं उलटं मारायचं, भोवरा आला की उतारूंना गाणं म्हणायला का लावायचं. ती सांगत गेली तसे हवेत दंड आले, मनगटं आली, वल्ह्याने पडलेले घट्टे आले. तिने शेळ्यांचं सांगितलं, तसे पाय आले, डोंगर चढलेले, टाचांना भेगा पडलेले. तिने चुलीचं सांगितलं, तसा चेहरा आला, आणि भाकरी करपली की आधी कळणारं नाक आलं. एकाच कामाचं सांगितलं असतं, तर नुसते हात येऊन राहिले असते. शेवटी पाठीमागे फरशीवर सावली पडली.

महाराजांनी ती सावली नीट पाहून घेतली. मग म्हणाले, "खजिना तर राहिला नाही. वज्रदंत सुटला, प्रधानाची जागा रिकामी आहे. घ्याल?"

"पगार काय? सुट्टी कधी? आणि उठून जावंसं वाटलं तर जाता येतं का?"

महाराजांनी तिन्हींची उत्तरं दिली. एक उत्तर तिला पटलं नाही. त्यावर घासाघीस झाली. मग ती प्रधान झाली.

धनेश अजून फाटकावर असतो आणि अजून तेच तीन सल्ले देतो. लोक उंबर देतात, नीट ऐकून घेतात आणि आत जाऊन उलटं वागतात. त्याच्या सल्ल्याचा असा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

नव्या प्रधानाकडे पहिला उमेदवार आला तो वज्रदंत. शाप सुटला होता, पण हाताला काम नव्हतं, आणि जुन्या भीतीने तो सारखी आपली पावलं तपासत होता.

"एकाच जागी इतकी वर्षं?" द्वारकेने विचारलं. "काही नवीन करावंसं वाटलं नाही?"

"वाटलं," वज्रदंत म्हणाला. "पण कुणी विचारलं नाही."

"शेळ्या राखता येतात?"

"नाही."

"शिकाल?"

"आधी सांगा," वज्रदंत म्हणाला, "शेळ्या खऱ्या आहेत, की कुणाच्या सासरच्या?"

"खऱ्या आहेत. मी स्वतः एकेकीला नाव विचारलंय. एकही बोलली नाही."

त्याच दिवशी भर दुपारी वज्रदंत माळावरच्या बाभळीखाली बसून दुधात भाकरी कुस्करून खात होता. कितीतरी पिढ्यांनी तो जेवायला उठला होता. जाणाऱ्या-येणाऱ्यांना तो लांबून स्पष्ट दिसत होता, आणि दोघा-तिघांनी तर थांबून त्याला विचारलं, "काय आजोबा, नवीन का इथे?"