पिंजऱ्यावरचा शेला

एका राज्यात आभाळातून पडलेली वीज मांत्रिक मंत्र घालून रांजणात निजवीत, आणि गाडीवान ती समुद्राकाठच्या बुरुजावर पोचती करीत. त्या गाडीचे नेम तीन. रांजण ओल्या वाळूत बसवावा, विस्तवाच्या शंभर पावलांत नेऊ नये, आणि बैलांच्या जुवाला मैनेचा पिंजरा टांगावा. वेस आली की मैना ओरडे, "वीज आहे! दूर व्हा!"

हैबती गाडीवानाने बारा वर्षे हे नेम पाळले. पण मैना ओरडली की दारे लागत, पाणवठ्यावरच्या बाया घागरी टाकून पळत. एखादी दुपार आपणही माणसांत बसून जेवावे, एवढीच त्याची हाव. म्हणून एका हिवाळ्यात निंबाळे गावाच्या वेशीवर त्याने पिंजऱ्यावर शेला टाकला.

गोजराबाईने त्याला ओसरीवर पाट मांडला.

"रांजणात काय, दादा?"

"तूप."

जेवून हैबती बैलांना पाणी पाजायला ओढ्यावर गेला. पाहुण्याचे तूप थिजू नये म्हणून त्या भल्या बाईने घरच्यांकरवी रांजण चुलीपाशी नेला. वीज जागी झाली. चाळीस घरांतली माणसे उभ्या जागी दगड झाली.

राजाने हैबतीला बोलावून विचारले, "मैना ओरडली नाही?"

"नाही, महाराज. पाखरूच ते, विसरले."

आपले पाप पाखराच्या माथी मारले! सांगताना माझीच मान खाली जाते. त्या क्षणी मैनेचा कंठ गेला.

मांत्रिकाने वीज पुन्हा निजवली, पण दगड हलेनात. तो म्हणाला, "हा शाप विजेचा नव्हे, लपवणाऱ्याचा. हैबती, तीन वेशींवर मैनेचे काम तू कर. तिसरी वेस निंबाळ्याची. तिथे खरे ते सगळे सांग."

पहिल्या वेशीवर हैबती ओरडला, "वीज आहे! दूर व्हा!" लोकांनी शेण फेकले. दुसरी वेस त्याच्या सासुरवाडीची. तिथे कोणी काही फेकले नाही. सासऱ्याने नुसते त्याच्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले. शेण बरे होते, असे हैबतीला वाटले.

तिसऱ्या वेशीवर गाडी सोडून तो गोजराबाईच्या दगडापुढे उभा राहिला. दगडापुढे बोलायचे, तरी घाम फुटला.

"बाई, रांजणात वीज होती. मी लपवली. मैनेचा दोष नव्हता. मला जेवायला बसायचे होते, म्हणून."

दगडांना श्वास फुटला. चाळीस घरांची धुराडी पुन्हा धुरकटली. मैना कंठ मोकळा करून ओरडली, आणि गाडीचे तिन्ही नेम पुन्हा पुरे झाले.

गोजराबाईने डोळे चोळले. तिने सगळे ऐकले होते.

"दादा, खरे सांगितले असतेत, तर गाडी माळावर उभी करवली असती," ती म्हणाली. "आणि ताट तिकडे घेऊन आले असते."

हैबतीला वर बघवेना.